पाय आधी उचलतो, कळ मागून येते

तूर काढलेल्या रानातून चालणं किती जोखमीचं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. विळ्याने तिरकी छाटलेली धसकटं टोक वर करून काळ्या मातीत उभी असतात. डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन बाई धुऱ्याने येते, चप्पल झिजलेली असते आणि टाच नेमकी एका धसकटावर पडते. पाय झटक्यात वर येतो. ‘आई गं’ त्यानंतर तोंडातून निघतं आणि खरा ठणका त्याच्याही मागून येतो. दुखलं म्हणून पाय उचलला, असं आपण सगळेच समजतो. प्रत्यक्षात पाय आधी उचललेला असतो.

तळपायाच्या कातडीत चेतातंतूंची उघडी टोकं असतात. धसकट रुतताच तिथून विजेचा संदेश निघतो आणि पोटरी, मांडी ओलांडून पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत शिरतो. अंतर साधारण एक मीटर. हा पहिला संदेश नेणाऱ्या तंतूंवर मायलिन नावाचं पातळ वेष्टण असतं आणि ते सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने काम करतात. मेरुरज्जूतल्या मधल्या चेतापेशी तो संदेश तिथल्या तिथे स्नायूंना हलवणाऱ्या पेशींकडे सोपवतात. सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात पाय सुटतो. मेंदूलाही खबर जाते, पण त्याच्या हुकमाची वाट कुणी पाहत नाही. हीच प्रतिक्षिप्त क्रिया.

मला यात सर्वांत थक्क करतो तो दुसरा पाय. एक पाय अचानक उचलला तर डोक्यावर भारा असलेली बाई आडवी व्हायला हवी. ती होत नाही, कारण मेरुरज्जू त्याच क्षणी चार कामं करतो. दुखावलेल्या पायाचे वाकवणारे स्नायू आखडतात आणि त्यांच्या विरुद्ध ओढणारे सैल सोडले जातात. संदेश पलीकडच्या बाजूलाही ओलांडतो. तिथे सरळ ठेवणारे स्नायू ताठ होतात, वाकवणारे ढिले पडतात. सगळा भार दुसऱ्या पायावर जातो. ही जुळणी प्राण्यांवरच्या बारकाईच्या प्रयोगांतून उलगडली ती चार्ल्स शेरिंग्टन यांनी. एडगर एड्रियन यांच्यासोबत त्यांना १९३२ साली नोबेल मिळालं.

मेंदू अगदीच बाजूला असतो असं नाही. चुलीवरून उकळतं पातेलं उचललं, बोटांना चटका बसला, पण पायाशी लेकरू बसलंय. बाई पातेलं सोडत नाही. ओठ चावून चार पावलं जाते आणि मगच खाली ठेवते. वरून आलेल्या संदेशांनी मेरुरज्जूला तेवढ्यापुरतं आवरून धरलेलं असतं.

याची दुसरी बाजू फार जिव्हारी लागणारी आहे. झाडावरून किंवा विहिरीत पडून एखाद्या तरुणाचा मेरुरज्जू कमरेच्या वर पूर्ण तुटतो. सुरुवातीचे दिवस पाय लुळे पडलेले असतात. काही आठवड्यांनी कुणी तळपायाला नख लावलं की पाय चटकन आत ओढला जातो, आणि खाटेभोवतीच्या माणसांना वाटतं, जीव परत आला. त्याला मात्र काहीच जाणवलेलं नसतं. खालचा मेरुरज्जू आपलं काम करतोय, पण वरची वाट तुटलेली आहे. डॉक्टरांनी हे घरच्यांना जवळ बसवून, वेळ देऊन सांगायला हवं. नुसतं ‘रिफ्लेक्स आहे’ म्हणून पुढे जाऊ नये.

पाय वेदनेशिवायही उचलता येतो, तर मग वेदना कशासाठी? मायलिन नसलेले बारीक तंतू सेकंदाला अर्धा ते दोन मीटर इतक्या संथ चालीने संदेश आणतात. टोचल्यावर पहिली तीक्ष्ण कळ येते आणि एखाद्या सेकंदाने आगीसारखा पसरणारा ठणका सुरू होतो, तो यांचा. तो तासन्‌तास राहतो. तो माणसाला लंगडायला लावतो, बसवतो, काटा काढायला लावतो, दुसऱ्या दिवशी रानात जाऊ देत नाही. पाय उचलायचं काम क्षणाचं. जखम भरेपर्यंत तो जपायचं काम वेदनेचं.

या तंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक प्रथिन असतं. तापमान साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की ते उघडतं आणि जळजळ सुरू होते. डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने १९९७ साली ते शोधलं, तेही मिरचीतल्या कॅप्सायसिनच्या मदतीने, कारण कॅप्सायसिन तेच प्रथिन उघडतं. ठेच्याने तोंडाची आग होते तेव्हा जीभ खरोखर भाजलेली नसते, पण मेंदूला मिळालेला संदेश भाजल्याचाच असतो. २०२१ च्या नोबेलमध्ये ज्युलियस यांचा निम्मा वाटा होता. मे महिन्यात परभणी-नांदेडची हवा या आकड्याला शिवते. घामामुळे कातडी त्याहून थंड राहते, पण तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय टेकला की संदेश सुटलाच.

मार लागला की आपण ती जागा चोळतो. स्पर्शाचे जाड, वेगवान तंतू मेरुरज्जूतच वेदनेच्या संदेशाला अडवतात, असं रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं. त्यातला तपशील पुढे बदलला, पण मेरुरज्जूत वेदना कमी-जास्त केली जाते हे पक्कं ठरलं. मेंदूकडूनही खाली संदेश येतात, शरीर अफूसारखी स्वतःची द्रव्यं सोडतं. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या डॉक्टरांनी गंभीर जखमी जवानांना विचारलं, तेव्हा बहुतेकांनी वेदनाशामक नको म्हटलं.

याच्या उलटही घडतं. वर्षानुवर्षं कोयता चालवून, मोळ्या वाहून कंबर दुखत राहिली की मेरुरज्जूतल्या पेशीच अतिसंवेदनशील होऊ शकतात आणि साध्या स्पर्शालाही कळ उठते. एक्स-रेत हे दिसत नाही. मग ऊसतोडीहून आलेल्या बाईला ऐकवलं जातं, ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत.’ हे चूक आहे, अन्यायाचं आहे. इजा आणि वेदना यांचं माप एकसारखं असेलच असं नाही. जागतिक वेदना-अभ्यास संघटनेने २०२० साली व्याख्या सुधारताना नोंदवलंय की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या शब्दाचा मान ठेवावा.

वेदना नाहीशी झाली तर काय होतं, ते शुगरच्या रुग्णांत दिसतं. जुन्या मधुमेहात सर्वांत लांब तंतू आधी खराब होतात, म्हणजे पायाचे. ठणका गेला की जपणूक जाते, आणि त्याच तंतूंवर चालणारी पाय उचलण्याची क्रियाही मंदावते. धसकट रुतून बसतं आणि फरशीवर रक्ताचे ठसे दिसल्यावर कळतं. म्हणून शुगर असलेल्याने रोज रात्री उजेडात दोन्ही तळवे पाहावेत. नजर कमी असेल तर घरातल्या कुणी पाहावेत. चप्पल घालण्याआधी आतून हात फिरवावा, पाय धुवायच्या पाण्याची ऊब कोपराने बघावी. दवाखान्यात १० ग्रॅमचा दाब देणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून तपासता येतं. डोळे मिटून तो कुठे टेकला हे सांगता आलं नाही, तर त्या माणसाने रानातच काय, अंगणातही अनवाणी फिरू नये.