पट्टा आणि पत्ता

नागपूरच्या जुन्या वस्त्यांमध्ये बऱ्याच घरांत एक प्लॅस्टिकची थैली असते. लोखंडी पेटीच्या तळाशी, नाहीतर टिनाच्या छपराखालच्या फळीवर, पावसाचं पाणी पोचणार नाही अशा जागी. आत जुनी वीजबिलं, रेशनकार्ड, मतदार यादीच्या पानाची झेरॉक्स, कधीकाळी भरलेल्या टॅक्सची पावती. घरच्या बाईला वाचता येत नसलं तरी कोणता कागद कोणत्या सालचा, हे तिला पाठ असतं. महाराष्ट्राच्या झोपडपट्टी कायद्यात १ जानेवारी २००० ही तारीख आहे. त्याआधीपासून राहत असल्याचा पुरावा असेल तर झोपडीला संरक्षण मिळतं. पुढे २०११ पर्यंतच्या रहिवाशांसाठीही सशुल्क पुनर्वसनाची वाट काढली गेली, पण तिथेही पुरावा लागतोच. थैली गेली की तीस वर्षांचं राहणं गेलं.

२०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती आणि त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग झोपडपट्ट्यांत राहत होता. म्हणजे ही थैली शहराच्या एखाद्या कोपऱ्यातली गोष्ट नाही.

घर, रोजगार आणि गरिबी यांचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञांना अशा थैलीत फार रस असतो. ‘महिन्याला किती कमावता?’ या प्रश्नावर ते थांबत नाहीत. एक झटका बसला तर हे घर किती दिवसांत सावरेल, हे त्यांना शोधायचं असतं.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेची आठवण नागपूरकरांना नव्याने करून द्यायला नको. अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी अंबाझरी लेआउटमधल्या बंगल्यांत शिरलं, तसंच नाल्याकाठच्या झोपड्यांतही शिरलं. पाणी एकच होतं. पण ज्याच्या घरी महिन्याचा पगार ठरलेला आहे, गाडीचा विमा आहे, चार दिवस राहायला बहिणीचा फ्लॅट आहे, त्याचं नुकसान रुपयांत मोठं असूनही ते भरून निघतं. ज्या घरात शिलाई मशीन बुडालं, तिथे मशीनबरोबर रोजची कमाईही बुडाली. मग उसनवारी, मग कानातलं गहाण, मग मोठ्या मुलीची शाळा. रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकाने १९८९ मध्ये नेमका हाच फरक मांडला: असुरक्षिततेला दोन बाजू असतात, बाहेरून येणारा धोका आणि तो झेलायला घरात साधनच नसणं. गरिबी आणि असुरक्षितता या दोन गोष्टी त्याने वेगळ्या केल्या. आज पोटापुरतं कमावणारं घरही कड्याच्या काठावर उभं असू शकतं.

अशी काठावरची घरं ओळखायची कशी? गरिबीचे अभ्यासक अनिरुद्ध कृष्ण यांनी राजस्थानातल्या गावांत एक साधी पद्धत वापरली. गावकऱ्यांना एकत्र बसवून विचारायचं: अगदी गरीब घरात थोडे पैसे आले की सगळ्यात आधी काय केलं जातं? मग दुसरं काय, तिसरं काय? उत्तर गावागणिक फारसं बदलत नव्हतं. आधी पोटभर जेवण, मग मुलांची शाळा, अंगावरचे कपडे, थोडं कर्ज फेडणं. ही पायऱ्यांची शिडी तयार झाली की प्रत्येक घर पंचवीस वर्षांपूर्वी कुठल्या पायरीवर होतं आणि आज कुठे आहे, हे गावच सांगतं. यातून दिसलं की एकाच गावात काही घरं वर चढत असतात आणि त्याच काळात दुसरी खाली घसरत असतात. आकडेवारीत हे दोन प्रवाह एकमेकांना पुसून टाकतात आणि ‘गरिबी थोडी कमी झाली’ एवढंच उरतं. घसरण्याचं सर्वांत मोठं कारण होतं आजारपण आणि त्यावरचा खर्च.

शहरात या शिडीला आणखी एक आधार असतो, तो म्हणजे राहती जागा. कॅरोलिन मोसर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७८ पासून इक्वाडोरच्या ग्वायाकिल शहरातल्या एका गरीब वस्तीत वर्षानुवर्षं जाऊन काम केलं. गरीब माणसाकडे नसलेल्या गोष्टींची यादी करण्यापेक्षा असलेल्या गोष्टींची करावी, असा त्यांचा आग्रह होता: अंगमेहनत, शिक्षण, नातीगोती, शेजार आणि घर. घर इथे निवाऱ्यापुरतं नसतं. पुढच्या पडवीत किराणा टाकता येतो, एक खोली भाड्याने देता येते, लग्न झालेल्या मुलाला मागे टिन टाकून वेगळी चूल मांडता येते. आपल्या जनगणनेतही ‘कुटुंब’ कुणाला म्हणायचं ते एका स्वयंपाकावर ठरतं, छपरावर नाही. एका छपराखाली तीन चुली असल्या तर ती तीन कुटुंबं.

हे सगळं नागपुरात आणून बघू. पांढराबोडीत राहणारी एक बाई डोळ्यांसमोर आणा, जी रामनगरातल्या तीन घरी भांडी-धुणं करते. ती चालत जाते. दुपारी घरी येऊन सासूला जेवू घालते, परत संध्याकाळच्या कामाला जाते. तिचा नवरा सकाळी ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीचं काम मिळतं त्या चौकात, उभा राहतो. काम लागलं तर लागलं. काम लागलं नाही त्या दिवशी दुकानदार उधार देतो, कारण त्याने या माणसाला लहानपणापासून पाहिलं आहे. भिशी आहे. ताप आलेल्या पोराला शेजारीण बघते. या घराची मिळकत विचारली तर आकडा लहान निघेल. पण हे घर उभं आहे ते त्याच्या पत्त्यावर.

आता याच घराला शहराच्या दुसऱ्या टोकाला, पाचव्या मजल्यावर, पक्का फ्लॅट मिळाला असं समजा. असा प्रयोग अहमदाबादमध्ये जवळपास झालाच आहे. १९८७ मध्ये तिथे विडी कामगारांसारख्या कष्टकरी बायकांसाठी घरांची सोडत निघाली. घरं शहराच्या मध्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर होती. सोडत म्हणजे निव्वळ नशीब, त्यामुळे जिंकलेल्या आणि हरलेल्या कुटुंबांत मुळात फरक नव्हता. संशोधकाला याहून चांगली तुलना मिळत नाही. चौदा वर्षांनी शेरॉन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही गटांना गाठलं. जिंकलेल्यांना घरं चांगली मिळाली होती. पण उत्पन्नात फरक नव्हता, मुलांच्या प्रगतीतही नव्हता. नातलगांपासून, जातभाईंपासून ती कुटुंबं तुटली होती आणि अडीअडचणीला मदत मिळणंही कमी झालं होतं. जिंकलेल्यांपैकी ३४ टक्के तिथे राहायला गेलेच नाहीत आणि ३२ टक्के पुढे सोडून आले.

‘फुकटात दिलं तरी यांना चांगल्या घरात राहायचं नाही’ असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मला ते ऐकवत नाही. त्या कुटुंबांनी बसभाडं, गमावलेलं काम आणि तुटलेला शेजार यांचा हिशोब मांडला होता, आणि तो बरोबर होता. वाठोडा, तरोडी, वांजरी इथे प्रधानमंत्री आवास योजनेच्या इमारती उभ्या आहेत. तिथे कोण राहायला गेलं, कोण गेलं नाही आणि दोघांची कामं कुठे होती, हे घरोघर विचारायला हवं.

पत्त्याइतकाच महत्त्वाचा दुसरा शब्द म्हणजे पट्टा. राहत्या जागेचा कायदेशीर कागद हातात आल्याने काय बदलतं, याचं उत्तर देणारी एक विलक्षण घटना अर्जेंटिनात घडली. १९८१ मध्ये ब्युनोस आयरेसजवळ भूमिहीन कुटुंबांनी एक पडीक जमीन सरकारी समजून तिथे झोपड्या बांधल्या. जमीन निघाली खाजगी. १९८४ मध्ये सरकारने ती संपादित करून रहिवाशांना द्यायचं ठरवलं. आठ मूळ मालकांनी मोबदला स्वीकारला, पाच जण कोर्टात गेले. त्यामुळे शेजारीशेजारी राहणाऱ्या, एकसारख्या गरीब कुटुंबांपैकी काहींना कागद मिळाला आणि काही वर्षानुवर्षं ताटकळले. यात त्यांच्या मेहनतीचा किंवा हुशारीचा काही संबंध नव्हता.

सेबास्टियन गालियानी आणि एर्नेस्टो शार्ग्रोद्स्की या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर या दोन गटांची तुलना केली. कागद मिळालेल्यांनी भिंती आणि छप्पर सुधारलं, त्यांची मुलं शाळेत जास्त टिकली, घरातली गर्दी कमी झाली. बँकेच्या कर्जात मात्र फारसा फरक पडला नाही आणि कमाईतही नाही. पट्टा मिळाला की गरीब माणूस तो तारण ठेवून उद्योजक होईल, ही मोठी आशा इथे खरी ठरली नाही. पेरूमध्ये १९९० च्या दशकाअखेर लाखो शहरी कुटुंबांना मालकीहक्क दिले गेले, तेव्हा एरिका फील्ड यांना एक वेगळीच गोष्ट सापडली. कागद आल्यावर माणसं घराबाहेर जास्त तास काम करू लागली, कारण जागा राखायला कुणी घरी बसून राहायची गरज उरली नव्हती. बुलडोझर येणार अशी अफवा उठली की घरातलं एक माणूस कामावर जात नाही, हे आपल्याकडच्या वस्त्यांत कुणालाही विचारा. त्या बुडालेल्या रोजीची नोंद कुठल्याच आकडेवारीत होत नाही.

नागपूरची जमीन या बाबतीत फार गुंतागुंतीची आहे. कुठली वस्ती महापालिकेच्या जागेवर, कुठली नागपूर सुधार प्रन्यासच्या (नासुप्र), कुठली नझूलच्या म्हणजे सरकारी मालकीच्या, कुठली रेल्वेच्या, तर काही थेट झुडपी जंगल, म्हणजे खुरट्या झुडपांची जमीन, अशी नोंद असलेल्या जागेवर. हे झुडपी जंगल विदर्भाचं खास दुखणं आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी जमीन वनच समजायला सांगितली आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी दिलेल्या जागांसाठी नियमित करण्याची वेगळी वाट ठेवली. परिणाम असा की चाळीस वर्षं शेजारी राहिलेल्या दोन घरांना पट्टे मिळणार की नाहीत, हे पायाखालच्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे त्यावर ठरतं. पट्टा नसेल तर आवास योजनेतून स्वतःचं घर बांधायला अनुदान मिळणंही अवघड.

रहिवाशांसाठी हा अन्याय आहे, आणि तो लवकर दूर व्हावा अशीच माझी इच्छा आहे. पण तोवर तरी अर्जेंटिनात जे घडलं तशी तुलना आपल्या दाराशी उभी आहे, आणि ती कुणी नोंदवून ठेवत नाही याची मला खंत वाटते. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस ही कापड मिल अखेर बंद पडली, तिच्या जागेवर मॉल आला. तिथून बाहेर पडलेल्या कामगारांची कुटुंबं पुढच्या वीस वर्षांत कुठल्या पायरीवर गेली, कुणाला घरामुळे तग धरता आला, हे घर-घर पाठपुरावा करून लिहिलं गेलं असतं तर आज केवढा आधार झाला असता. तशी संधी पुन्हा हातची जाऊ नये.

नागपुरात समाजकार्याची जुनी महाविद्यालयं आहेत, दरवर्षी विद्यार्थी वस्त्यांमध्ये जातात. त्यांच्या सर्वेक्षणाच्या अर्जात ‘घर कच्चं की पक्कं’ हा रकाना असतोच. त्याच्या शेजारी आणखी तीन हवेत. कामाला पायी किती मिनिटं? रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कुणाचं दार वाजवाल? आणि मागच्या पंधरा दिवसांत घर राखायला म्हणून किती दिवस कामावर गेला नाहीत? पट्टे मिळालेल्या गल्लीत आणि न मिळालेल्या गल्लीत, त्याच घरांना, दर पंधरा दिवसांनी, निदान दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे हे विचारत राहायला हवं.