घरातल्या मोडक्या वस्तूंच्या बाहुल्या आणि शिल्पं : वस्तू आणण्याआधी एवढं वाचा

आमच्या बडोद्याच्या कार्यशाळेत तुमच्याच घरातल्या जुन्या, मोडक्या वस्तूंपासून बाहुल्या आणि लहान शिल्पं करून मिळतात. ऑर्डर देताना जे हमखास विचारलं जातं आणि जे विचारायचं राहून जातं, ते दोन्ही इथे लिहिलं आहे.

घासूनपुसून आणू नका

पितळेचा डबा पितांबरीने लख्ख करून आणलात की आमच्या कामाचा निम्मा जीव गेला. वर्षानुवर्षं हाताळून आलेली झिलई, कडेची काळपट छटा, मुठीवरचा हाताचा डाग हाच आमचा रंग. तो नंतर चढवता येत नाही, चढवला तर खोटा दिसतो. कोरड्या फडक्याने धूळ झटका, बस.

मूळ वस्तू लपवत नाही

पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तू जोडून बैलाचं मस्तक केलं. त्यात बैल दिसतो आणि सीटही दिसते. आम्हीही तेवढंच बघतो.

विळीचंच घ्या. पातं उभं वर जाऊन पुढे वळतं आणि टोकाला नारळ खवायची दातेरी खवणी असते. कोंबड्याची मान आणि तुरा आयताच मिळतो. आम्ही पात्याची धार कानशीने मारतो, पाटाच्या मागच्या बाजूला चमचे-उलथन्यांची शेपटी बसवतो आणि थांबतो. डोळा काढायचा मोह होतो, पण काढत नाही. 'रंग तरी द्या' असा आग्रह बऱ्याच जणांचा असतो. त्याला आमचा नकार असतो, राग मानू नये.

उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, झालं की मांजाच्या रिकाम्या फिरक्या जरूर आणा. लाकडी असेल तर उत्तम. उभी धरली की खालची मूठ बैठकीत रुतते, वरची मान होते आणि मधल्या भागावर जुन्या साडीचा काठ गुंडाळला की घेरदार घागरा तयार. मांजा मात्र घरीच काढा, काचेने बोटं कापतात.

बडोद्याला हे काही नवं नाही. इथलं फाइन आर्ट्स, म्हणजे विद्यापीठाचं कला महाविद्यालय, १९५० मध्ये सुरू झालं. तिथल्या मेळ्यांसाठी चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी लाकूड, मणी, चामड्याचे तुकडे घेऊन खेळणी केली. शिल्पकार राघव कनेरिया यांनी भंगाराचं लोखंड वेल्ड करून शिल्पं घडवली. तिकडे चंदीगडला सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक असलेल्या नेक चंद यांनी फुटक्या बांगड्या आणि चिनी मातीच्या तुकड्यांतून गुपचूप एक अख्खी बाग उभी केली, ती १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. चिंध्यांच्या मोठाल्या बाहुल्याही त्यांनी केल्या. आजीची चिंध्यांची बाहुली कोणी कमी लेखू नये, असं आम्हाला वाटतं ते यामुळेच.

काय घेत नाही

खंडित मूर्ती आणि देवघरातली उपकरणी घेत नाही, त्यांचं विसर्जन करा. पाऱ्याचे थर्मामीटर, सीएफएल दिवे, फुगलेल्या बॅटऱ्या नकोत. शंभर वर्षांपलीकडची वाटणारी वस्तू आम्ही कापत नाही. आधी जाणकाराला दाखवा. भुसा गळणारं लाकूड वेगळ्या पिशवीत बांधून आणा, नाहीतर कीड बाकीच्या लाकडाला लागते.

जोडकाम

अॅल्युमिनियमला साधं डाग देणं (सोल्डरिंग) टिकत नाही, म्हणून तिथे रिव्हेट किंवा नट-बोल्ट. पितळ आणि लोखंड थेट चिकटून राहिले की दमट हवेत लोखंड लवकर गंजतं. मध्ये चामड्याची चकती घालतो. जस्त चढवलेली बादली तशीच वेल्ड केली तर विषारी धूर होतो, त्यामुळे तिला बोल्टच. अॅराल्डाइट लावलेलं काम दुसऱ्या दिवसाआधी हलवत नाही, 'आजच द्या' म्हणू नका. पावसाळ्यात लोखंडी काम शक्यतो घेत नाही.

पैसे वस्तूंच्या संख्येवर नाही, जोडकामाला लागणाऱ्या वेळावर ठरतात. चित्र काढून दाखवतो, तुम्ही हो म्हटल्यावरच कापाकापी.

घरी नेल्यावर

ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ ब्रश पुरे. उन्हात ठेवाल तर चिकटवलेली जागा पिवळी पडेल. कापडी बाहुलीला कसर लागू नये म्हणून अधूनमधून झटका. लहान मुलांना खेळायला देऊ नका: सुटे भाग असतात, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं.

उरलेले तुकडे आम्ही ठेवून घेत नाही. न्यायला येताना पिशवी आणा.