पूड भिजवली की थांबू नका
अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी बेकिंग करणाऱ्या आमच्या ग्राहकांना

अंड्याऐवजी वापरायची आमची पूड नेणाऱ्यांचा फोन येतो तेव्हा तक्रार बहुधा एकच असते. केक ओव्हनमध्ये फुगला होता, बाहेर काढल्यावर मधोमध बसला. किंवा फुगलाच नाही, तळाला गिच्च राहिला. मुलाचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी असतो, घरात साखर-पीठ संपत आलेलं असतं, आणि पुन्हा सगळं करायचं असतं. अशा वेळी आमचा पहिला प्रश्न ठरलेला आहे: पूड पाण्यात कालवल्यापासून केक ओव्हनमध्ये जाईपर्यंत किती वेळ गेला? उत्तर येतं, ‘दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. नीट भिजू दिली.’

ही सवय कुठून येते ते आम्हाला माहीत आहे. आमच्याकडे येण्याआधी बहुतेकांनी जवस वापरलेला असतो. एका अंड्यामागे एक मोठा चमचा जवसाची पूड, तीन मोठे चमचे पाणी, आणि पाच-दहा मिनिटं झाकण. जवसाला हा वेळ लागतोच. त्यातला चिकट द्रव सुटल्याशिवाय तो काही धरून ठेवत नाही. आमची पूड नेमकी याच्या उलट आहे. तिच्यात बटाट्याचा आणि टॅपिओकाचा स्टार्च आहे, त्यासोबत खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड. पाणी लागलं की सोडा आणि आम्ल लगेच भिडतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटायला लागतो. केक हलका करणारा वायू तोच. दहा मिनिटं वाटी ओट्यावर ठेवली तर तो तिथेच उडून जातो आणि ओव्हनमध्ये जातं ते नुसतं स्टार्चचं पाणी.

म्हणून पूड आधी भिजवूच नका. एका अंड्यामागे दीड चहाचा चमचा पूड थेट मैद्यात घाला आणि दोन्ही एकत्र चाळा. तिचं पाणी, म्हणजे दोन मोठे चमचे, दूध-तेलाच्या ओल्या भांड्यात घाला. ओव्हन तापलेला हवा, भांड्याला तेल-कागद लावून झालेलं हवं. हे सगळं तयार झाल्यावरच ओलं आणि कोरडं एकत्र करा, पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळा आणि लगेच आत टाका. जास्त फेटलं तर मैद्यातलं ग्लूटेन ताणलं जातं आणि केक चिवट होतो. पहिली वीस मिनिटं ओव्हनचं दार उघडू नका. पॅनकेक करत असाल तर एका वेळी तव्यावर मावेल तेवढंच मिश्रण कालवा. वाट बघत बसलेलं मिश्रण हमखास चपटं निघतं.

एवढं करूनही बसला, तर मूळ पाककृतीत अंडी किती होती ते बघा. एक किंवा दोन असतील तर बिनधास्त बदला. तीन असतील तर खोल भांड्याऐवजी उथळ भांडं किंवा मफिनचे साचे घ्या. चार-पाच अंडी फेटून फुगवायचा स्पंज मात्र आमच्या पुडीने होणार नाही, आणि होईल असं सांगून आम्हाला पाकीट विकायचं नाही. तिथे केकचा सगळा सांगाडाच अंड्याचा असतो. मुळात बिनअंड्याची म्हणूनच लिहिलेली पाककृती शोधा.

मेरिंगसाठी, म्हणजे अंड्याचा पांढरा बलक साखरेबरोबर फेटून भाजलेल्या कुरकुरीत फेसासाठी, काबुली चणे शिजवलेलं दाट पाणी घ्या: एका पांढऱ्या बलकामागे दोन मोठे चमचे. चांगला फेस यायला पाच ते दहा मिनिटं फेटावं लागतं. हा फेस भाजल्यावर अंड्यासारखा घट्ट धरत नाही, म्हणून 100 अंश सेल्सिअसच्या आसपास सावकाश वाळवायचा. कटलेट बांधायला आमची पूड वापरू नका, सोड्याची चव लागते. तिथे जवस किंवा कुस्करलेला बटाटा उत्तम. कस्टर्ड कॉर्नफ्लोअरने दाट होतं.

आता ॲलर्जीबद्दल. हा भाग आम्हाला केक बसण्यापेक्षा फार महत्त्वाचा वाटतो. ऑर्डर देताना नुसतं ‘एगलेस हवं’ म्हणू नका, ‘मुलाला अंड्याची ॲलर्जी आहे’ असं स्पष्ट सांगा, इतर दुकानांतही. आवड म्हणून अंडं न खाणाऱ्याला ते पाककृतीत नसलं की पुरतं. तुमच्या मुलासाठी ते चमच्यावर, ब्रशवर, साच्याच्या कोपऱ्यात राहिलेलंही नको असतं. साबण आणि पाण्याने घासून धुतलं तर अंड्याची प्रथिनं निघतात. नुसतं पुसून किंवा सॅनिटायझर लावून निघत नाहीत. चाळणी आणि ब्रश नीट धुणं अवघड, ते मुलासाठी वेगळेच ठेवा.

‘भाजल्यावर अंडं चालतं ना?’ असं बरेच पालक विचारतात. ॲलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना केकमध्ये चांगलं भाजलेलं अंडं सोसतं हे खरं आहे. पण अंड्याच्या पांढऱ्यातलं ओव्होम्युकॉइड हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही आणि ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांना भाजलेलंही बाधू शकतं. आपलं मूल कोणत्या गटातलं, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. घरी तुकडा देऊन बघू नका. बदकाची किंवा लाव्याची अंडी हाही सुरक्षित पर्याय नाही, त्यांची प्रथिनं कोंबडीच्या अंड्याशी फार मिळतीजुळती असतात.

आणखी एक नावाचा घोटाळा. ‘एग सब्स्टिट्यूट’ लिहिलेल्या काही बाटल्यांत अंड्याचा पांढराच असतो. कोलेस्टेरॉल टाळणाऱ्यांसाठी फक्त पिवळा बलक काढलेला असतो. घटकांची यादी वाचा. अल्ब्युमिन, ओव्हल्ब्युमिन, लायसोझाइम, लिव्हेटिन ही अंड्यातल्या प्रथिनांची नावं; यांतलं काही दिसलं तर ते पाकीट ठेवून द्या. लेसिथिन बहुधा सोयाचं किंवा सूर्यफुलाचं असतं, पण अंड्याचंही असू शकतं; स्रोत लिहिला नसेल तर उत्पादकाला विचारा. मार्शमॅलो, तयार आयसिंग आणि सजावटीच्या गोळ्यांमध्ये अंडं निघू शकतं. केक घरी काळजीने करून वरच्या गोळ्या न बघता टाकल्या, असं आमच्या ओळखीच्या घरांत झालेलं आहे.

आम्ही मोठं पाकीट का काढत नाही, सुटी पूड मोजून का देत नाही, यावर थोडी नाराजी असते. सुटी पूड म्हणजे उघडा डबा आणि फिरणारा चमचा, आणि तो चमचा आधी कुठे होता हे कोणी सांगू शकत नाही. आमच्या कामाच्या जागेत अंडं येत नाही, दूध आणि सोयाही नाही, आणि पाकीट तिथेच बंद होतं. आकार लहान ठेवला कारण दमट हवा लागली की पूड डब्यातच निकामी होत जाते. जुन्या पाकिटाची शंका आली तर अर्धा चमचा पूड कोमट पाण्यात टाकून बघा. फसफसली तर चांगली आहे.

फोन करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: मूळ पाककृतीत अंडी किती होती, भांड्याचा आकार, पाणी घातल्यापासून ओव्हनपर्यंत गेलेली मिनिटं आणि पाकीट उघडल्याची तारीख. ऐन वाढदिवसाच्या आदल्या रात्रीही फोन केलात तरी चालेल; तेव्हाच गरज पडते हे आम्हाला कळतं.