पार्श्वभूमी : विलिमोव्स्की नेमका कोणाचा?

8 जून 2008 रोजी युरो फुटबॉल स्पर्धेत जर्मनीने पोलंडला 2-0 असं हरवलं. दोन्ही गोल लुकास पोडोल्स्कीचे होते आणि दोन्ही वेळा त्याने जल्लोष करायचं टाळलं. पोडोल्स्कीचा जन्म ग्लिवित्सेचा, त्याच्या जोडीला खेळणाऱ्या मिरोस्लाव्ह क्लोसेचा ओपोलेचा. ही दोन्ही शहरं सायलेशिया या प्रदेशातली, जो आज मुख्यतः पोलंडमध्ये असला तरी पूर्वी जर्मनीकडे होता. सायलेशियातला खेळाडू आणि जर्मनीची जर्सी असा विषय निघाला की पोलंडमध्ये गाडी हमखास पोलंड आणि जर्मनी दोघांकडून खेळलेल्या एर्नेस्ट विलिमोव्स्कीवर येते.

तो जन्मला 23 जून 1916 रोजी काटोवित्सेत. तेव्हा ते काटोविट्झ होतं, जर्मन साम्राज्यात. कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने यांमुळे या टापूवर जर्मनी आणि पोलंड दोघांचाही डोळा. पहिलं महायुद्ध संपल्यावर 1919 ते 1921 या काळात इथे तीन उठाव झाले, सार्वमत झालं आणि 1922 मध्ये प्रदेशाचे दोन तुकडे पडून काटोवित्से पोलंडकडे गेलं. म्हणजे सहा वर्षांच्या पोराने घर न सोडता देश बदलला. जन्मदाता बाप पहिल्या महायुद्धात गेला. पुढे आईने पोलिश माणसाशी लग्न केलं, सावत्र वडिलांनी मुलाला दत्तक घेतलं आणि एर्न्स्टचा एर्नेस्ट विलिमोव्स्की झाला. घरात जर्मन, गल्लीत सायलेशियन बोली आणि सरकारदरबारी पोलिश, असं तिथल्या हजारो घरांत चालत असे. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

सुरुवातीला तो जर्मन अल्पसंख्याकांच्या काटोवित्सेतल्या क्लबकडून खेळला. मग 1934 मध्ये शेजारच्या व्येल्किये हायदुकीतल्या रूख या क्लबात आला आणि पहिल्याच मोसमात त्याने 33 गोल ठोकले. लाल केस, पुढे आलेले कान, उजव्या पायाला सहा बोटं. लोक त्याला ‘एझी’ म्हणत. बचावपटूंना हुलकावण्या देत पुढे जायचं आणि गोलरक्षकालाही चकवून चेंडू आत ढकलायचा, हा त्याचा खाक्या. पेतेरेक, वोदाश आणि विलिमोव्स्की या तिकडीच्या जोरावर रूखने पोलंडची लीग वारंवार जिंकली. लीगच्या 86 सामन्यांत त्याचे 112 गोल आहेत. 21 मे 1939 रोजी वूचच्या युनियन-टूरिंग संघाला रूखने 12-1 असं धुतलं, त्यात दहा गोल एकट्या एझीचे. पोलिश लीगमध्ये एका सामन्यात इतके गोल दुसऱ्या कोणालाही करता आलेले नाहीत.

स्वभाव मात्र शिस्तीचा नव्हता. दारूपायी पोलिश फुटबॉल महासंघाने त्याच्यावर बंदी घातली आणि 1936 चं बर्लिन ऑलिंपिक हुकलं. तिथे पोलंड नॉर्वेकडून 3-2 असा हरून चौथा आला. तो असता तर कांस्यपदक मिळालं असतं, असं म्हणणं सोपं आहे, पण अगदीच निराधार नाही.

5 जून 1938 रोजी स्ट्रासबूर्गमध्ये झालेला सामना पोलंडचा विश्वचषकातला पहिला, आणि समोर ब्राझील. स्पर्धा बाद पद्धतीची, हरलात की थेट घरी. मध्यंतराला ब्राझील 3-1 ने पुढे होतं. पोलंडचा तो एकुलता गोलही विलिमोव्स्कीला पाडल्याबद्दल मिळालेल्या पेनल्टीवर शेर्फकेने केलेला. मग पाऊस कोसळला, मैदानाचा चिखल झाला आणि विलिमोव्स्कीला जणू आपली जागा सापडली. सहा मिनिटांत दोन गोल करून त्याने 3-3 अशी बरोबरी साधली. ब्राझीलने पुन्हा आघाडी घेतली, ती त्याने सामना संपता संपता मोडली. जादा वेळेत ब्राझीलच्या लिओनिदासने दोन गोल केले, तरी शेवटी-शेवटी एझीने आणखी एक परत केलाच. निकाल 6-5, पोलंड बाहेर. विश्वचषकाच्या एका सामन्यात चार गोल करणारा तो पहिला खेळाडू, आणि हे त्याने हरणाऱ्या संघाकडून केलं. पाच गोलांचा पराक्रम पाहायला जगाला 1994 पर्यंत, रशियाच्या ओलेग सालेंकोपर्यंत थांबावं लागलं.

27 ऑगस्ट 1939 रोजी वॉर्सामध्ये पोलंडने विश्वचषक उपविजेत्या हंगेरीला 0-2 वरून 4-2 असं हरवलं. तीन गोल विलिमोव्स्कीचे. पोलंडकडून 22 सामन्यांत 21 गोल अशी त्याची नोंद तिथेच थांबली, कारण पाचव्या दिवशी जर्मन फौजा आत शिरल्या.

इथून पुढचा भाग पोलंडला पचायला जड जातो. जर्मनांनी सायलेशिया थेट आपल्या राज्याला जोडला आणि रहिवाशांसमोर ‘जर्मन लोकसूची’, म्हणजे जर्मन म्हणून नाव नोंदवायची यादी, ठेवली. सही केली नाही तर हद्दपारी, छावणी किंवा उपासमार. काटोवित्सेचे बिशप आदाम्स्की यांनीच लोकांना जीव वाचवण्यासाठी सही करा असा सल्ला दिला. लाखोंनी केली. त्यातल्या तरुणांना जर्मन सैन्यात जावं लागलं, आणि दोस्त राष्ट्रांकडून पकडले गेल्यावर हजारोजण पश्चिमेतल्या पोलिश सैन्याला मिळाले. त्यामुळे नुसत्या सहीवरून विलिमोव्स्कीला गद्दार ठरवणं मला पटत नाही.

पण तो सहीवर थांबला नाही. 1940 मध्ये केम्निट्झच्या पोलीस क्लबात गेला, नोकरी पोलिसाची, त्यामुळे आघाडीवर जाणं टळलं. 1 जून 1941 रोजी बुखारेस्टमध्ये रुमानियाविरुद्ध छातीवर स्वस्तिकाचं चिन्ह असलेल्या जर्सीत उतरला आणि दोन गोल केले. महिन्याभराने, 3 जुलैला, 1938 च्या पोलिश विश्वचषक चमूतला अँतोनी वीको आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत गोळ्या घालून मारला गेला. पोलंडचा पहिलावहिला आंतरराष्ट्रीय गोल करणारा ज्यू खेळाडू युझेफ क्लोत्स त्याच वर्षी वॉर्साच्या घेट्टोत, ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, संपला. व्याप्त पोलंडमध्ये पोलिश लोकांना संघटित खेळावरच बंदी होती, ते चोरून सामने भरवत. आणि एझी प्रशिक्षक हेर्बेर्गरच्या जर्मन संघात नामवंत खेळाडू फ्रिट्झ वाल्टरसोबत खेळत होता. आठ सामने, 13 गोल. त्यातले चार 1942 च्या ऑक्टोबरात बर्नमध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध. नोव्हेंबरात ‘म्युनिक 1860’ या क्लबाकडून त्याने जर्मन चषकही जिंकला, अंतिम सामन्यात शाल्के क्लबाविरुद्ध पहिला गोल त्याचाच.

जर्मन जर्सीने त्याच्या घराला मात्र संरक्षण दिलं नाही. आई पाउलिनाला एका ज्यू माणसाशी असलेल्या संबंधांवरून आउश्वित्झला नेलं होतं, आणि नावाजलेला लढाऊ वैमानिक व हौशी गोलरक्षक हेर्मान ग्राफ याच्या वशिल्याने तिची सुटका झाली, असं विलिमोव्स्कीविषयी लिहिणारे सांगतात. हे कळल्यावर ‘तो कोणाचा’ या प्रश्नाचं उत्तर आणखीच अवघड होतं.

युद्धानंतर कम्युनिस्ट पोलंडमध्ये त्याला थारा नव्हता. तो पश्चिम जर्मनीत राहिला, अनेक लहान क्लबांतून चाळिशी उलटेपर्यंत खेळला आणि अखेर कार्ल्सरुहेत स्थिरावला, जिथे शिलाई मशीनच्या कारखान्यात नोकरी केली. 1974 च्या विश्वचषकासाठी पोलिश संघ पश्चिम जर्मनीत आला तेव्हा खेळाडूंना भेटायची त्याची इच्छा होती, पण अधिकाऱ्यांनी दाद दिली नाही, असं म्हणतात. त्या स्पर्धेत पोलंड तिसरा आला. साम्यवादी राजवट गेल्यावर, 1995 मध्ये, रूखने आपल्या 75 व्या वर्धापनदिनाचं आमंत्रण धाडलं. तोवर विलिमोव्स्की ऐंशीच्या उंबरठ्यावर पोहोचला होता. तो गेला नाही. दोन वर्षांनी, 30 ऑगस्ट 1997 रोजी, कार्ल्सरुहेतच त्याचं निधन झालं.