सरड्याची धाव कुंपणापर्यंत, तर आधी कुंपण बघू
(शॅमेलिऑनचं पिल्लू पाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

हा कागद आम्ही पिंजऱ्याच्या खालच्या ट्रेमध्ये ठेवतो. बरेच जण पिंजरा जोडतात, पिल्लू आत सोडतात आणि तिसऱ्या दिवशी फोन करतात, "अहो, काही खातच नाहीये." ट्रेमधल्या कागदाचा तोवर लगदा झालेला असतो. म्हणून विनंती, पिल्लू आणायच्या आधी वाचा.

आम्ही मूळचे पुण्यात खिडक्यांना मच्छरजाळ्या बसवणारे. एका गिऱ्हाइकाने शॅमेलिऑनसाठी पिंजरा करून मागितला आणि ॲल्युमिनियमचे तेच सेक्शन वेगळ्या कामाला लागले. पहिल्याच पिंजऱ्यात आम्ही घोडचूक केली, बल्बचा होल्डर आतून बसवला. पिल्लू छताच्या जाळीला उलटं लटकत बल्बपाशी गेलं आणि त्याने पाठ भाजून घेतली. या प्राण्याला वरून बसणारा चटका वेळेवर कळत नाही. ऊब मिळतेय म्हणून तो तिथेच बसून राहतो. तेव्हापासून आमचे सगळे दिवे पिंजऱ्याच्या बाहेर, छताच्या वर.

इथे लिहिलंय ते येमेनी शॅमेलिऑनबद्दल. विकणारे त्याला 'व्हेल्ड' म्हणतात. येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य डोंगरपट्ट्यातला हा प्राणी. डोक्यावर उंच तुरा. अंड्यातून निघतो तेव्हा शेपटीसकट जेमतेम ७ सेंटिमीटर, पण नर पुढे दीड-दोन फुटांपर्यंत जातो. नीट सांभाळला तर नर ६ ते ८ वर्षं जगतो, मादी साधारण ५. मागच्या पायाच्या टाचेला बारीक काट्यासारखी गाठ असेल तर नर. ही गाठ जन्मापासून असते, तेव्हा घेतानाच बघून घ्या.

आधी कायद्याचं

आपल्या रानात, शेताच्या बांधावर दिसणारा घोयरा, म्हणजेच सरडगुहिरा, हाही शॅमेलिऑनच. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तो पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. "शेतात सापडलाय, एक पिंजरा द्या" असं म्हणणाऱ्याला आम्ही पिंजरा देत नाही. रस्त्यावर दिसला तर ज्या दिशेने चाललाय त्या बाजूच्या झाडापर्यंत त्याला जाऊ द्या. विषारी तर तो मुळीच नाही.

येमेनी शॅमेलिऑन परदेशी असला तरी मोकळा सौदा नाही. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो येतो आणि २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणाऱ्याकडे कागद मागा. "नंतर देतो" असं उत्तर आलं तर पिल्लू घेऊ नका, आमचा पिंजराही नका घेऊ.

रंग कशाचा बदलतो

शब्द फिरवणाऱ्या माणसाला आपण सरड्यासारखा रंग बदलतो म्हणतो. सरडा बिचारा इतका लबाड नाही. उलट त्याच्या पोटात काही राहत नाही, सगळं कातडीवर येतं. शॅमेलिऑन पाठीमागच्या पडद्याला जुळवून घ्यायला रंग बदलत नाही. थंडी, ऊन, भीती, राग, आजार यांनी त्याचा रंग बदलतो. कातडीत रंगपेशी असतात आणि त्यांच्या जोडीला अतिसूक्ष्म स्फटिकांचा थर असतो. पॅंथर शॅमेलिऑन या दुसऱ्या जातीच्या अभ्यासातून २०१५ मध्ये समोर आलं की या स्फटिकांमधलं अंतर कमीजास्त झालं की परावर्तित होणारा रंग बदलतो.

"काळा पडलाय" हा आम्हाला येणारा सगळ्यात नेहमीचा फोन. आमचा पहिला प्रश्न असतो, किती वाजता? सकाळी दिवा लागल्यावर पिल्लू गडद होतं, अंग चपटं करतं आणि एक कूस दिव्याकडे धरतं. तो ऊब पितोय. तासाभरात हिरवा झाला की प्रश्न मिटला. दुपारीही काळपटच आहे आणि डोळे मिटून बसलाय, तर मात्र गंभीर आहे. निरोगी शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटत नाही, एवढं एक वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवा. झोपेत रंग फिका पडतो, ते ठीक. टॉर्च मारून बघत बसू नका.

तोंड उघडं ठेवून बसला असेल तर बहुधा उकडतंय. दिवा वर घ्या. तुमचा हात जवळ गेल्यावर तोंड उघडून फुत्कारला, अंग फुगवलं, तर तो 'लांब व्हा' म्हणतोय. पण हवा थंड, आसपास कोणी नाही, तरी तोंड उघडं, मान वर आणि श्वासाला आवाज, हा छातीचा संसर्ग असू शकतो. सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जा.

जाळीवर सारखा वरखाली करत असेल तर घरातली मुलं म्हणतात, त्याला खेळायला बाहेर यायचंय. त्याला तुमच्यापासून लांब जायचंय. आत लपायला पानं कमी आहेत, समोर मांजर बसलंय, दुसरा शॅमेलिऑन दिसतोय किंवा काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतंय, यांपैकी काहीतरी असतं. उलट "पिल्लू दिसतच नाही, फांदीमागे सरकतं" ही आमची सगळ्यात आवडती तक्रार. पिंजरा जमला असं समजा.

एकदा एका काकूंनी घाबरून फोन केला, "पाय उचलतो, पुढे मागे झुलतो, मग टाकतो. लकवा तर नाही ना?" नाही. वाऱ्याने पान हलावं तसा तो मुद्दाम डुलत चालतो. एखादा डोळा फुगवून घासत असेल तर डोळा साफ करतोय, काही मिनिटांत पूर्ववत होतो. दिवसभर फुगलेला राहिला तर डॉक्टर. आणि कात टाकताना टिश्यू पेपरसारखे पांढरे तुकडे लोंबतात, ते ओढू नका.

पिंजरा

पिल्लासाठी आम्ही सव्वा फूट लांब-रुंद आणि अडीच फूट उंच पिंजरा देतो. मोठ्या नराला २ बाय २ बाय ४ फूट लागतो. रुंदीपेक्षा उंची महत्त्वाची. खिडकीची फायबर जाळी आम्ही वापरत नाही, कारण रातकिडे ती कुरतडतात. खरबरीत तारेची जाळीही नको, नखं अडकतात. पिंजरा जमिनीवर ठेवू नका. टेबलावर किंवा स्टँडवर असा ठेवा, की वरची फांदी तुमच्या डोळ्यांच्या वर येईल. वरून झडप घालणारा पक्षी हा या जातीचा जुना शत्रू, त्यामुळे वरून वाकून बघणारा माणूस त्याला पक्ष्यासारखाच भासतो.

आत मनी प्लांट आणि जास्वंद लावा. येमेनी पानंही खातो, जास्वंदीचं फूल तर आवडीने. कण्हेर, रुई, घाणेरी अजिबात नको. नर्सरीतून आणलेलं झाड दोन-तीनदा धुऊन, माती बदलून आठवडाभर बाहेर ठेवा, औषध मारलेलं असतं. फांद्या पेन्सिलीच्या जाडीच्या, आडव्या आणि तिरक्या. त्याचे पाय चिमट्यासारखे असतात. पुढच्या पायाला आतून तीन आणि बाहेरून दोन बोटं, मागच्याला उलट. गुळगुळीत फळीवर त्याला धरताच येत नाही.

एका पिंजऱ्यात एकच. भावंडं सुरुवातीला गुण्यागोविंदाने राहतात असं वाटतं, पण दांडगा सगळी ऊब आणि खाऊ घेतो. दुसरा वाळत जातो, आणि ते वाळणं तुम्हाला उशिरा दिसतं.

दिवे दोन. एक ऊब देणारा साधा बल्ब, त्याच्या खालच्या फांदीवर साधारण २९ अंश. पिल्लाचं अंग लहान, ते पटकन तापतं, म्हणून ३० च्या वर जाऊ देऊ नका. खालच्या सावलीत २२ ते २५ अंश असावं. रात्री १८ पर्यंत उतरलं तर चांगलंच. दुसरी यूव्हीबीची, म्हणजे उन्हातली अतिनील किरणं देणारी, टी-५ ही बारीक ट्यूब, ५.० किंवा ६ टक्केवाली, पाठीपासून ८ ते १० इंचांवर, दिवसाला १२ तास. ती नसेल तर कॅल्शियम पोटात जाऊनही हाडात उतरत नाही. पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, जिभेचा नेम चुकायला लागतो. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे उपयोगाचं नाही, काच ही किरणं अडवते. ट्यूब वर्षाने बदला. उजेड देत राहते, पण किरणं संपलेली असतात. एवढ्याशा ट्यूबचे एवढे पैसे, हे आम्हालाही पटत नाही, पण इथे काटकसर करू नका.

पाणी आणि खाणं

वाटीतलं पाणी त्याला बहुधा पाणी म्हणून कळतच नाही. पानावर थेंब हलला की तो जीभ लावतो. सकाळी दिवे लागायच्या आधी आणि संध्याकाळी कुंडीच्या स्प्रे पंपाने पानं निथळेपर्यंत भिजवा, त्याच्या तोंडावर फवारू नका. दिवसा मेडिकलमधून आणलेला नवा सलाईनचा सेट छतावरून टांगा, थेंब थेंब पानावर पडू द्या. डोळे खोल गेले असतील किंवा विष्ठेतला पांढरा भाग केशरी झाला असेल तर पाणी कमी पडतंय. पण मधे जाळी कोरडी व्हायलाच हवी. मुंबई-कोकणात पावसाळ्यात फवारणी दिवसातून एकदाच करा. विदर्भातल्या ग्राहकांना आम्ही सांगतो, मे महिन्यात पिल्लू आणूच नका. खोलीच तापलेली असेल तर बल्ब बंद, यूव्हीबी चालू.

खाऊ म्हणजे रातकिडे, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पिल्लाला रोज. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, पालेभाजी खाऊ घाला आणि देताना कॅल्शियमची पूड भुरभुरा, पिठात घोळवलेल्या भज्यासारखी नको, हलकी. उरलेले किडे रात्री काढून घ्या, ते झोपलेल्या पिल्लाला चावतात. काजवे कधीच देऊ नका. अमेरिकेत पाळीव सरडे काजवा खाऊन मेलेत, आणि आपल्याकडचा काजवा वेगळा असेल म्हणून आम्ही प्रयोग करणार नाही. मुंग्या मारायचा खडू आणि मच्छर अगरबत्ती त्या खोलीत नको.

मादी असेल तर पाच-सहा महिन्यांची झाली की ओलसर वाळूचा फूटभर खोल डबा आत ठेवा. नर नसतानाही ती अंडी धरते. घालायला जागा मिळाली नाही तर अंडी अडकून मरते. टाचेची गाठ बघा म्हटलं ते यासाठी. तिला अति खाऊ घातलं की अंडीही जास्त होतात.

हातात घेणं शक्यतो टाळा. घेतलंच तर वरून पकडू नका, हात फांदीसारखा समोर धरा, चढला तर चढला. नंतर साबणाने हात धुवा.

फोन करायच्या आधी व्हॉट्सॲपवर फोटो टाका. पिल्लाचा नाही, दिवे लागलेल्या पूर्ण पिंजऱ्याचा, छतापासून ट्रेपर्यंत. सोबत वरच्या फांदीवरचा थर्मामीटरचा आकडा आणि ट्यूब कोणत्या महिन्यात घेतली ते लिहा. निम्म्याहून जास्त वेळा आम्हाला पिल्लू बघायची गरजच पडत नाही.