आकडा शून्य, पण विषाणू हजर

२०१७ मध्ये अमेरिका खंडातली झिका या डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूची साथ ओसरल्याचे चित्र होते. जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी नोव्हेंबर २०१६ मध्येच मागे घेतली होती. तरीही फ्लोरिडात आणि युरोपात परतणाऱ्या प्रवाशांमध्ये झिका सापडत राहिला, आणि त्यांतले बरेच जण क्युबाहून आलेले होते. क्युबातल्या त्या वर्षीच्या रुग्णांची नोंद मात्र आंतरराष्ट्रीय यंत्रणेपर्यंत पोहोचली नव्हती. प्रवाशांच्या नोंदी आणि विषाणूची जनुकीय माहिती जुळवून संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले, की शेजारी देशांतली साथ उतरणीला लागली तेव्हा क्युबात ती ऐन भरात होती.

ब्राझीलमध्ये याआधी असेच घडले होते. तिथे झिकाचे निदान मे २०१५ मध्ये पक्के झाले. जनुकीय अभ्यासांनुसार तोवर विषाणूला तिथे पसरू लागून वर्षाहून अधिक काळ लोटला होता.

असे निसटणे या आजारात सोपे असते. झिकाची लागण झालेल्या पाचांपैकी चौघांना काहीच जाणवत नाही. उरलेल्यांचा ताप आणि पुरळ डेंग्यूसारखे. रक्तात विषाणू जेमतेम आठवडाभर सापडतो, आणि नंतरच्या प्रतिपिंड (अँटीबॉडी) चाचणीत झिका व डेंग्यू यांची गल्लत होते. रुग्ण दवाखान्यात येईल तेव्हा मोजू, असे म्हणणारी यंत्रणा इथे उशिराच जागी होणार.

खरे तर झिका सापडला तोच पाळतीमुळे, म्हणजे रुग्ण येण्याची वाट न पाहता रोगांचा माग काढत राहिल्यामुळे. १९४७ मध्ये युगांडातल्या झिका जंगलात पीतज्वराचा माग काढण्यासाठी पिंजऱ्यात माकडे ठेवली होती. त्यांतल्या एकाला ताप आला आणि नवा विषाणू हाती लागला. त्याच वर्षी अमेरिका खंडात पीतज्वर, डेंग्यू आणि झिका पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाच्या उच्चाटनाची मोहीम हाती घेतली गेली. १९६२ पर्यंत १८ देशांतून तो हटवल्याचे जाहीर झाले. मग पैसा आटला, माणसे कमी झाली, डास परतला. क्युबाने १९८१ मध्ये डेंग्यूचे ३ लाख ४० हजारांहून अधिक रुग्ण आणि १५८ मृत्यू पाहिले. ज्या यशाने पाळत अनावश्यक वाटू लागली, त्याच यशाला ती टिकवून धरत होती, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत वेदनादायक वाटते.

१९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मेंदूज्वराचे रुग्ण दिसू लागले आणि सुरुवातीला निदान सेंट लुईस मेंदूज्वराचे, म्हणजे डासांमार्फतच पसरणाऱ्या दुसऱ्या एका विषाणूच्या आजाराचे झाले. शहरात कावळेही मरत होते. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील पशुरोगतज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांना हे निदान पटेना, कारण त्या आजारात पक्षी सहसा मरत नाहीत. शेवटी निघाला वेस्ट नाईल विषाणू. तो युगांडात १९३७ पासून माहीत होता, पण पश्चिम गोलार्धात तोवर कधी दिसला नव्हता. त्यानंतर अमेरिकेने २००० मध्ये अर्बोनेट ही नोंदव्यवस्था उभारली. माणसांबरोबर डास, मेलेले पक्षी आणि घोडे यांचीही माहिती तिच्यात जमा होते.