मामा तलाव: दुरुस्तीपासून पुनरुज्जीवनापर्यंत

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्व भाग मिळून साडेसहा हजारांच्या वर मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. गेल्या वीस वर्षांत त्यांच्यासाठी जी कामं मंजूर झाली, त्यांच्या कागदांवर दुरुस्ती, नूतनीकरण, पुनर्स्थापना, खोलीकरण, गाळ काढणे आणि पुनरुज्जीवन असे शब्द आलटूनपालटून येतात. कंत्राटदाराच्या लेखी ते बहुधा एकच काम असतं. तलावाखाली बांधी (बांध घातलेलं धानाचं शेत) असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच तलावात जाळं टाकणाऱ्या ढिवराला मात्र त्यातल्या प्रत्येक शब्दाचे परिणाम वेगवेगळे भोगावे लागतात.

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखाली येणारी जमीन सवलतीने मिळत असे. त्या व्यवस्थेला तुकूम म्हणत. चंद्रपुरातल्या वस्तीच्या नावात तो शब्द अजून टिकून आहे. कोहळी समाजाने या भागात धान आणि ऊस पिकवला तो अशा तलावांच्या भरवशावर. पुढे भोसल्यांचा काळ आला, मग इंग्रजांची मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराची पद्धत. तलाव मालगुजाराच्या नावावर चढला, पण गावाचे पाण्यावरचे हक्क वाजिब-उल-अर्ज या गावच्या वहिवाटीच्या दप्तरात नोंदले गेले. दरवर्षी पावसाळ्याआधी पारीवर (तलावाच्या बांधावर) माती पडायची, तुडुम (पाणी सोडायचं दार) साफ व्हायचं, सलंग (जादा पाण्याचा सांडवा) तपासली जायची. पाणी कुणाच्या बांधीत आधी सोडायचं हे पाणकर बघायचा. राबणूक सक्तीची होती, मालगुजाराची जरब होती. त्या काळाचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण देखभाल वर्षाच्या कामातच बसलेली होती. त्यामुळे तलाव मरतो आणि त्याला पुन्हा जिवंत करावं लागतं, असं म्हणायची वेळच फारशी येत नसे.

ती वेळ आली 1951 नंतर. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी रद्द करणारा 1950 चा कायदा लागू झाला आणि तलाव सरकारजमा झाले. कुळांसाठी तो कायदा न्याय्यच होता. तलावांच्या बाबतीत मात्र मालक गेला आणि त्याची जबाबदारी कुणाच्याच अंगावर नीट पडली नाही. विदर्भ 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदांकडे, मोठे तलाव राज्याकडे, मासेमारीचा ठेका तिसऱ्याकडे, अशी वाटणी झाली. निस्तारहक्काचं, म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या हक्काचं, फुकट पाणी की पाणीपट्टी, हा वाद बरीच वर्षं चालला. पाणकर गावोगाव दिसेनासे झाले. काठाची जमीन अतिक्रमणात गेली, तलावाच्या पोटात बेशरम हे रानटी झुडूप माजलं.

रोजगार हमीच्या काळात तलावाचं काम म्हणजे गाळ काढणं आणि पारीवर माती टाकणं. काम हातांनी होत असल्यामुळे खोदाईला आपोआप मर्यादा होती. केंद्राने 2005 मध्ये जलसाठ्यांची दुरुस्ती, नूतनीकरण आणि पुनर्स्थापना असा कार्यक्रम प्रायोगिक म्हणून सुरू केला. पुढे राज्याची जलयुक्त शिवार योजना आली, 2017 मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आली, आणि मामा तलावांच्या बाबतीत पुनरुज्जीवन हा शब्द रुळला.

खरा गुंता इथे आहे. पुनरुज्जीवनाखाली जे झालं ते पुष्कळ ठिकाणी खोलीकरण होतं. घनमीटर मोजता येतात, पोकलेनचे तास मोजता येतात, बिल निघतं. मामा तलावाची रचना मात्र खोलीची नाही, पसरट आहे. तुडुमाच्या तळापेक्षा वर जेवढं पाणी उभं राहतं तेवढंच आपल्या उताराने बांधीत जातं. तळाखाली खणलेल्या खड्ड्यात पाणी साठतं, आकडा फुगतो, पण रोवणी (धानाची लावणी) अडली असताना त्यातला थेंबही पाटाला लागत नाही. तळाचा चिकण थर फोडून मुरमापर्यंत गेलं तर आहे ते पाणीही झिरपून जातं. यावर उत्तर दिलं जातं की भूजल वाढतं, जनावरांना उन्हाळ्यात पाणी राहतं. विहिरींच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे, आणि गाळ साचून उथळ झालेल्या तलावातून तेवढा गाळ काढायलाच हवा. पण मूळ तळ कुठे होता हे न बघता सरसकट खणणं ही दुरुस्ती ठरत नाही.

दुसरी बाजू माशांची. काठाचा उथळ उतार हा मरळीसारख्या गावठी माशांचा विणीचा भाग. पाणवनस्पती तिथेच रुजतात, पाणपक्षीही तिथेच चरतात. उभे काठ कापले की हे सगळं एका उन्हाळ्यात जातं. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज बाहेरून आणून सोडण्यावर भर आल्यापासून गावठी मासळी आधीच मागे पडली होती. अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर बायाबापड्यांनी काही तलावांत उलट वाट धरली. आधी बेशरम मुळासकट उपटली, मग देशी पाणवनस्पती दुसऱ्या तलावातून आणून काठाच्या चिखलात लावल्या. वनस्पती वाढल्या तशी गावठी मासळीही परतू लागली. पुनरुज्जीवन हा शब्द कुठल्या कामाला शोभत असेल तर या कामाला, असं माझं मत आहे. त्यात खोदाई जवळपास नव्हती.

आता मागणी होते आहे ती अंदाजपत्रक करताना तुडुमाचा तळ, सलंगेची उंची आणि निस्तारपत्रकातले हक्क आधी नोंदवण्याची. जिथे ते न बघता खणलं गेलं, तिथे तळातलं पाणी मोटरने उचलावं लागतं. ज्याची मोटर त्याचं पाणी, अशी नवी वाटणी त्यातून पडली, आणि पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या बांध्या ऑक्टोबरात धान निसवत असताना कोरड्या राहतात.